बेसिनखालचं कपाट पुन्हा पुन्हा फुगतंय? दमट हवेत व्हॅनिटीसाठी काय घ्यावं

तक्रार बहुधा एकाच क्रमाने येते. आधी बेसिनखालच्या कपाटाचा, म्हणजे व्हॅनिटीचा, दरवाजा घासायला लागतो. मग खालच्या कडेची पट्टी सुटून पायाला लागते. पुढे बिजागरीचा स्क्रू आवळला तरी नुसता फिरत राहतो, दार उघडलं की कुबट वास येतो, आणि घरात ठरतं की हे काढून टाकू आणि या खेपेला चांगलं वॉटरप्रूफ बसवू. नवं कपाट येतं, वर्ष-दोन वर्षं बरी जातात, आणि दरवाजा परत घासायला लागतो.

असं होतं कारण कपाट बदलतं, पाणी शिरायची वाट बदलत नाही. मटेरियलने फरक पडतो, भरपूर पडतो, आणि खाली मुख्यतः त्याबद्दलच लिहिलं आहे. पण लॅमिनेट किंवा रंग लावलेल्या सपाट भागातून पाणी सहसा आत जात नाही. ते जातं कापलेल्या कडेतून, पाइपसाठी पाडलेल्या भोकातून, स्क्रूच्या छिद्रातून. म्हणून दुकानात रंग आणि डिझाइन बघत बसण्याआधी त्या बोर्डाची कापलेली, उघडी कड दाखवा म्हणायचं. ज्याची कड ओली झाली तरी बिघडत नाही तो खरा बाथरूमचा बोर्ड. बाकी सगळ्यांच्या कडा बंद ठेवायची जबाबदारी सुतारावर येते, आणि ती तो पार पाडतोय का हे तुम्हाला बघायला लागतं.

आधी फुगवटा कुठे आहे ते शोधा

कपाट पूर्ण रिकामं करा. टॉर्च लागेलच, पण इथे डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात. प्रत्येक कडेवरून बोट फिरवा आणि जिथे उंचवटा लागेल तिथे पेन्सिलीने खूण करा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी जागा म्हणजे मागच्या फळीतलं वेस्ट पाइपचं भोक. सुताराने ते होल सॉने गोल पाडलेलं असतं. भिंतीतला पाइप जरा तिरका आलाय म्हणून मग एका बाजूने कानस मारून वाढवलेलं असतं. बाकी कपाट पांढरंशुभ्र, आणि या भोकाच्या कडेला मात्र कच्चा भुसा उघडा पडलेला. अँगल कॉकच्या (बेसिनखालच्या छोट्या नळाच्या) नटमधून दिवसाला चार-दोन थेंब येतात, ते पाइपवरून ओघळत नेमके या कडेपाशी थांबतात. इतकं थोडं पाणी तळाला साचत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. भोकाच्या खालच्या अर्ध्या भागात लॅमिनेट उचललेलं असेल आणि नख दाबल्यावर आत रुतत असेल, तर पाणी इथूनच जातंय.

दुसरी जागा तळाची पुढची कड आणि पाय. फरशी धुतल्यावर पाणी पायापाशी थांबतं आणि बोर्ड ते खालून वर ओढून घेतो. फुगवटा जमिनीपासून दोन-चार इंचांपर्यंतच असेल आणि वर सगळं ठणठणीत असेल, तर बोर्ड कुठलाही आणला तरी उपयोग नाही. कपाट जमिनीपासून उचलायला हवं. भिंतीला टांगलेलं असेल तर उत्तम, नाहीतर प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे उंची कमी-जास्त करता येणारे पाय लावायचे.

तिसरी जागा जरा फसवी असते: दरवाजाची वरची कड आणि काउंटरच्या लगेच खालची पट्टी. काउंटरवर सांडलेलं पाणी पुढच्या कडेवरून खाली येतं, पण सरळ पडत नाही. दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून ते आत सरकतं आणि कपाटाच्या डोक्यावर उतरतं. काउंटरच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत एक बारीक खाच मारलेली असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं. दगड कापणाऱ्याला हे काही मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. दगड बसल्यावर ती मारणं अवघड जातं. तेव्हा निदान कडेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची एक सलग रेघ ओढून घ्या, तीही बऱ्यापैकी काम करते.

दरवाजा फुगलेला नाही, नुसता धनुष्यासारखा वाकलाय, तर गळती शोधत बसू नका. बाहेरून एक मिलिमीटरचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग किंवा पातळ कागदी लायनर, असं केलं की आतली बाजू हवेतली वाफ घेते, बाहेरची घेत नाही. दोन बाजू सारख्या फुगत नाहीत म्हणून फळी वाकते. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं लॅमिनेट हा यावरचा उपाय. आतली बाजू दिसत नाही म्हणून तिथे वाचवलेले पैसे सहसा असेच वसूल होतात.

गळती, घाम की भिंतीची ओल?

हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. ओळखायला फार सामान लागत नाही.

सगळे पाइप आणि नट कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी एकाच जोडाचा कागद ओला असेल तर ती गळती. मग बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, कारण वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेला तुकडा) आणि बॉटल ट्रॅप (त्याखालचा बाटलीसारखा भाग) यांचे जोड नळाच्या साध्या धारेला गळत नाहीत, लोंढा आला की गळतात. ओव्हरफ्लोच्या भोकात मगने पाणी ओतून बघायचं मात्र बरेच प्लंबरही विसरतात.

पाइप सगळ्या लांबीभर सारखाच ओलसर असेल, तर तो घाम. 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू साधारण 26 अंशांवर येतो. म्हणजे 26 पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी उतरणार. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पाणी, चिनीमातीचं बेसिन, धातूचा पाइप, सगळे त्यात आले. पाइपवर फोमची नळी चढवली की प्रश्न मिटतो. यासाठी कपाट बदलायची गरज नाही.

तिसरा प्रकार भिंतीचा. कपाटामागच्या भिंतीवर, किंवा कपाट हलत नसेल तर त्याच्या अगदी शेजारी, फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ. भिंतीतून येणाऱ्या ओलीवर सुताराकडे काही इलाज नाही. टाइलचे सांधे, आतला पाइप किंवा बाहेरच्या भिंतीची चीर आधी दुरुस्त व्हायला हवी.

इथे एक गोष्ट लक्षात येत नाही ती अशी, की पलीकडच्या खोलीत एसी असेल तर मधली भिंत थंड राहते. उघडी भिंत बाथरूमच्या हवेने पुन्हा तापते, पण कपाटाच्या मागे हवा पोहोचतच नाही. तेवढाच पट्टा दवबिंदूच्या खाली जातो आणि ओला होतो. बाकी बाथरूम कोरडं, आणि फक्त कपाटाची पाठ काळी बुरशी धरलेली, असं दिसलं की मी आधी पलीकडे काय आहे ते विचारतो. अशा ठिकाणी कपाट भिंतीला चिकटवायचं नाही. मध्ये दीड-दोन सेंटीमीटरच्या चकत्या घालून हवेला वाट ठेवायची, आणि मागची फळी जमली तर लावायचीच नाही. पाइप तसेही आतच असतात, पाठ कोणाला दिसतेय?

आता मटेरियल

पार्टिकल बोर्ड आधी बाजूला काढतो. लाकडाचा भुगा रेझिनमध्ये दाबून केलेला हा बोर्ड पाणी प्यायला की कण सुटे होतात, जाडी वाढते, आणि वाळला तरी ती पूर्ववत होत नाही. स्क्रूची पकड त्याच वेळी जाते. तयार मिळणाऱ्या स्वस्त व्हॅनिटीत सहसा हाच असतो, वरचं लॅमिनेट कितीही देखणं असो. साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) त्याच माळेतला. कोरड्या खोलीत दोघांनाही माझी हरकत नाही.

एचडीएचएमआर (जास्त घनतेचा, ओलावा सोसणारा बोर्ड) हा त्यांचाच सुधारलेला भाऊ. लाकडाचे तंतू जास्त दाबलेले, घनता जास्त, रेझिन ओलाव्याला दाद न देणारं. आत पोकळ्या नसतात, कड गुळगुळीत कापली जाते, रंग फार छान बसतो. दमट हवेपुरता तो टिकतो, साचलेल्या पाण्यात टिकत नाही. म्हणून दरवाज्यांना आणि ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांना मी तो आनंदाने सुचवतो, तळाच्या फळीला नाही. काही बोर्ड आतून हिरवे दिसतात. तो हिरवा रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो, त्याने पाणी अडत नाही. हिरवा आहे म्हणजे वॉटरप्रूफ, असं कोणी सांगितलं तर पुढचं बोलणं जरा सावधपणे ऐका.

प्लायवूडच्या बाबतीत ग्रेडचा घोळ असतो. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा. यात सहसा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि तो पाण्याने हळूहळू सुटतो. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) किंवा मरीन ग्रेडमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी अपेक्षा असते. पण ही परीक्षा गोंदाची आहे, लाकडाची नाही. थर सुटले नाहीत तरी लाकूड पाणी पितंच, आणि सतत ओलं राहिलं तर कुजतंही. तरीही कपाटाच्या सांगाड्याला बीडब्ल्यूपी प्लाय ही माझी पहिली पसंती आहे, कारण स्क्रूची पकड उत्तम असते, वजन पेलतं, आणि एखादा कोपरा खराब झाला तर तेवढाच कापून जोडता येतो. शिक्का बघाच, पण कापलेली कडही बघा. थर सलग हवेत. मधल्या थरात काळ्या फटी दिसत असतील तर त्या पोकळ्या आहेत. त्यात पाणी साठतं, आणि नेमका तिथे स्क्रू आला तर त्याला धरायला काहीच नसतं.

सलग लाकडाबद्दल लोक हळवे असतात, विशेषतः सागवानाबद्दल. साग त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे कुजायला खरंच नाखूष असतो. पण लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. आर्द्रता 65 टक्के असताना त्यातलं पाणी साधारण 12 टक्क्यांवर स्थिरावतं, 80 टक्क्यांना 16 च्या आसपास, 90 ला 20 च्या जवळ. त्याबरोबर रुंदी बदलते. 40 सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी वर्षभरात तीन-चार मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते, आणि तेवढ्यात दरवाजा अडकतो. लाकूडच हवं असेल तर चौकट करून मध्ये फळी सैल बसवा, तिला सरकायला जागा ठेवा. सलग एका फळीचा दरवाजा नको. 20 टक्क्यांच्या वर पाणी कायम राहिलं तर मात्र कुजवणारी बुरशी सुरू होते, म्हणजे लाकूड आणि खेळती हवा यांची जोडी सोडता येत नाही.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला) आणि पीव्हीसी फोम बोर्ड यांच्या नावाने बाजारात बरंच काही खपतं. हे बोर्ड फुगत नाहीत, हे खरं. कड उघडी राहिली तरी बिघडत नाही, वाळवी लागत नाही, कुजत नाहीत. सुरुवातीला जी कसोटी सांगितली, ती हे पूर्ण पास होतात. तरीही या बोर्डांची कपाटं निकामी झालेली दिसतात, ती पाण्याने नाही तर वजनाने आणि स्क्रूंनी. फोमची पकड मुळात कमी. बिजागरीवर दार रोज लटकतं आणि काही महिन्यांत भोक मोठं होतं.

म्हणून हा बोर्ड घेताना काही पथ्यं पाळावी लागतात. घनता विचारा आणि तुकडा हातात घेऊन बघा. जड तो चांगला. अंगठ्याचं नख दाबून खड्डा पडत असेल तर दरवाजाला नको. स्क्रू जाड आट्यांचे आणि लांब हवेत, आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडलेलं हवं, आणि ड्रिल पूर्ण जोरात लावून आवळायचं नाही, कारण आटे एकदा सोलले की ते भोक गेलंच. एकदा काढलेला स्क्रू परत त्याच भोकात घालू नये. तळाची फळी दोन फुटांपेक्षा लांब असेल तर खाली आधार द्या, नाहीतर डिटर्जंटच्या डब्याच्या वजनाने ती वर्षभरात झोळ खाते. गरम पाण्याचा पाइप बोर्डाला टेकू देऊ नका. 60 अंशांच्या पुढे हे मटेरियल मऊ पडायला लागतं. आणि वरून लॅमिनेट लावायचं असेल तर नेहमीचा पांढरा गोंद चालत नाही. तो वाळायला एक तरी बाजू पाणी शोषणारी लागते, इथे दोन्ही बाजू बंद. रबर बेसचा किंवा बोर्ड बनवणाऱ्याने सांगितलेला गोंदच वापरायचा.

अ‍ॅल्युमिनियमची कपाटं दिसायला सगळ्यांना आवडत नाहीत, दार लावताना पोकळ आवाज येतो, आणि ठोका बसला की खड्डा कायमचा. पण सततच्या दमट हवेत इतकं बिनबोभाट टिकणारं दुसरं फार काही नाही. ओल्या सिमेंटशी मात्र त्याचं जमत नाही, सिमेंटमधला अल्कली त्याला खातो. भिंतीला टेकणाऱ्या ठिकाणी प्लॅस्टिकची पट्टी द्या. स्टेनलेस स्टीलमध्ये 304 पुरेसं आहे. समुद्राजवळची खारी हवा असेल तर 316, कारण त्यातलं मॉलिब्डेनम मिठाच्या खड्ड्यांना अटकाव करतं. 202 ग्रेड दिसायला सारखाच असतो, लोहचुंबकालाही सहसा चिकटत नाही, म्हणून चुंबकाची परीक्षा इथे फसवते. त्याला गंजाचे ठिपके मात्र लवकर येतात.

आणि एक मत, कोणी विचारलं नसलं तरी: बाथरूम अगदी लहान असेल आणि शॉवर दोन हातांवर असेल, तर कपाट करूच नका. दगडी काउंटर, खाली उघडी जागा, भिंतीवर एखादा स्टीलचा रॅक. पाइप दिसतात, दिसू देत. गळती त्याच दिवशी कळते.

घरच्या घरी परीक्षा

बोर्डाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात 24 तास पाण्यात ठेवल्यावर जाडी किती वाढली याचा आकडा असतो. तो वाचा, पण शक्य असेल तर स्वतःही बघा. विक्रेत्याकडून तळहाताएवढा कापलेला तुकडा मागून घ्या, चारी कडा उघड्याच ठेवा. व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजून लिहून ठेवा. तुकडा 24 तास बादलीत बुडवा, वर वजन ठेवा, मग परत मोजा. खरी गंमत पुढे आहे: तो सावलीत आठवडाभर वाळू द्या आणि तिसऱ्यांदा मोजा. थोडा फुगून परत मूळ जाडीवर येणारा बोर्ड चालेल. फुगला आणि तसाच राहिला तर तो बाथरूमचा नाही. शेवटी त्याच तुकड्यात, भिजलेल्या कडेजवळ, एक स्क्रू मारा आणि पक्कडने ओढून बघा. प्लाय असेल तर तुकडा काही तास उकळून थर सुटतात का पाहता येतं. फक्त त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, गोंदातली रसायनं पाण्यात उतरतात.

कडा, भोकं, आणि जे दिसत नाही ते

कडेला लावलेली पट्टी जितकी जाड तितकी बरी. दोन मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी ठोके सोसते, अर्ध्या मिलिमीटरची कोपऱ्यावर लवकर उचलते. त्याहून महत्त्वाचा तिचा गोंद. मशीनवर लावताना सहसा ईव्हीए हा गरम गोंद वापरतात. उष्णता आणि ओलावा सतत मिळाला की तो हार मानतो. पीयूआर (पॉलियुरेथेनचा) गोंद एकदा पक्का झाला की पाण्याने सुटत नाही. कारखान्यात काम करून घेत असाल तर हा प्रश्न नक्की विचारा. हाताने पट्टी लावणाऱ्या सुताराकडे पीयूआर नसतो, तिथे जोडाच्या रेषेवर पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढायला सांगा. दरवाजाची खालची कड बसवायच्या आधी उलटी करून बघा. तिथे पट्टी लावलेलीच नसते, असं वारंवार दिसतं. उभं राहून बघणाऱ्याला ती कधी दिसत नाही ना.

पाइपची भोकं पाडल्यावर, पाइप जोडायच्या आधी, कापलेल्या कडेला दोन हात इपॉक्सी किंवा पीयू सीलर लावा. तो वाळल्यावर पाइप बसवा आणि उरलेली फट सिलिकॉनने भरा. प्लंबर आणि सुतार वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे हे काम दोघांपैकी कोणाचंच नसतं. ब्रश तुम्हीच हातात घेतलात तर झालं.

बिजागऱ्यांवर 304 लिहिलेलं असतं. बऱ्याचदा फक्त कप (दारात बसणारी वाटी) स्टेनलेस असतो. हात, आतली स्प्रिंग आणि सोबतचे स्क्रू साध्या लोखंडाचे, वर निकेलचा मुलामा. स्क्रू वेगळे स्टेनलेसचे आणा. काउंटरचा भार कपाटावर टाकू नका. दोन सेंटीमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला 54 किलोच्या आसपास भरतो, त्यावर बेसिन, त्यावर टेकणारा माणूस. भिंतीत पक्के केलेले अँगल ब्रॅकेट हे वजन घेतील, कपाट नुसतं झाकण्यापुरतं.

बिजागऱ्या गंजल्या आहेत, पण आत ओल कुठेच नाही, असा प्रकार असेल तर कपाटात काय ठेवता ते बघा. टॉयलेट साफ करायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. झाकण नीट लागलं नाही की त्याची वाफ बंद कपाटात साठते आणि दमट हवेत मिसळून धातू खाते, स्टेनलेसही सुटत नाही. त्या बाटल्यांच्या वरच्या बिजागऱ्या तांबूस आणि दुसऱ्या बाजूच्या चकचकीत, असं दिसलं तर निदान झालंच. बाटल्या बाहेर, उघड्या हवेत ठेवा. ब्लीचची बाटली आम्लाच्या शेजारी तर ठेवूच नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि मग बिजागरी ही सगळ्यात छोटी काळजी उरते.

वरचा दगड

काउंटरचा फारसा वाद नाही. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, मोठ्या आकाराची व्हिट्रिफाइड टाइल, सगळे दमट हवेत टिकतात. संगमरवर दमटपणाने बिघडत नाही, आम्लाने बिघडतो: क्लीनरचा एक थेंब पडला तरी चकाकी गेलेला डाग उरतो. सांध्याला वापरायचं सिलिकॉन बुरशीरोधक, सॅनिटरी प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरावर आणि धातूवर टाळा, तिथे न्यूट्रल प्रकार हवा. ही रेघ कायमची नसते. काळी पडली की वरून नवी ओढू नका. जुनी ब्लेडने पूर्ण काढा, जागा कोरडी करा आणि मग भरा.

पंख्याकडून किती अपेक्षा ठेवायची

एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवा, आणि दाराखाली फट आहे का बघा, कारण आत हवा येत नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. मात्र दमट प्रदेशात पंख्याला मर्यादा आहे. तो बाहेरची हवा आत आणतो, आणि बाहेरच 85 टक्के आर्द्रता असेल तर बाथरूम त्याहून कोरडं होणार नाही. अंघोळीची वाफ जाते, हवामान जात नाही. म्हणून मटेरियल निवडताना पाणी उडणार नाही एवढाच विचार पुरत नाही. महिनोन् महिने ऐंशीच्या वर राहणारी आर्द्रता गृहीत धरून निवडायचं. दरवाज्याला जाळी किंवा वर-खाली फटी ठेवल्या तर आतली हवा निदान बाहेरच्याइतकी तरी कोरडी राहते. पूर्ण बंद कपाट दमट जागी कधीही वाईटच.

सध्याचं फुगलेलं कपाट

सगळं फेकायची घाई करू नका. सांगाडा प्लायचा असेल आणि स्क्रू धरत असतील, तर बहुतेक वेळा तळाची फळी आणि एखादा दरवाजा बदलून काम भागतं. तळाला फोम बोर्डची फळी टाका, तिथे पाणी आलं तरी बिघडणार नाही. खालून आधार द्यायला मात्र विसरू नका. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात इपॉक्सी लावलेली लाकडी खुंटी ठोकून, ती पूर्ण वाळल्यावर नवं भोक पाडता येतं. काडेपेटीची काडी घालून भागवणं आठवडाभर टिकतं. सांगाडा पार्टिकल बोर्डचा असेल तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, फुगलेला भाग तासून रंग मारला तरी आत तो सुटलेलाच असतो.

दुरुस्ती असो की नवं कपाट, बसवायच्या आधी निदान आठवडाभर बेसिनखालची जागा उघडी ठेवा आणि टिश्यूची परीक्षा पुन्हा एकदा करा. भिंत आणि जोड दोन्ही कोरडे निघाले तरच सुताराला तारीख द्या. काम झाल्यावर सिलिकॉनला पूर्ण एक दिवस द्यायचा, तोवर त्या बेसिनचा अँगल कॉक बंद करून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी सवयीने नळ उघडला तरी पाणी येणार नाही.